कर्जदाराचा राखणदार कोण? अमेरिकेतील राज्ये, केंद्र आणि दोनशे वर्षांचा एक वाद

१/
जानेवारी २००३. स्टँडर्ड अँड पुअर्स या न्यूयॉर्कच्या पतमानांकन संस्थेने जाहीर केले की, जॉर्जिया राज्यातील गृहकर्जांवर आधारलेल्या रोख्यांना यापुढे मानांकन देता येणार नाही. दोन महिन्यांच्या आत जॉर्जियाच्या विधिमंडळाने आपलाच कर्जदार-संरक्षण कायदा सैल केला. त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनमधील एका केंद्रीय कार्यालयाने निर्णय दिला की, हा कायदा राष्ट्रीय बँकांना लागूच होत नाही. पाच वर्षांनी जगभरचे वित्तबाजार कोसळले, ते याच जातीच्या कर्जांच्या ओझ्याखाली.
कर्जदाराचे रक्षण करण्याचा अधिकार राज्याचा की केंद्राचा, या अमेरिकी वादाचा हा धागा. 🧵

२/
या वादातील कळीचा शब्द ‘प्रीएम्प्शन’. केंद्राचा कायदा आणि राज्याचा कायदा एकमेकांच्या आड आले तर अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार केंद्राचा कायदा श्रेष्ठ ठरतो, आणि राज्याचा कायदा तेवढ्यापुरता निष्प्रभ होतो. तत्त्व सोपे आहे. खरा प्रश्न पुढचा: केंद्राने ठरवलेले संरक्षण ही किमान पातळी मानायची, म्हणजे राज्याला त्याहून अधिक देता यावे, की तीच कमाल मर्यादा मानायची, म्हणजे राज्याने अधिक काही करूच नये?
अमेरिकेने २००४ मध्ये बँकांपुरते दुसरे उत्तर निवडले. ते चुकीचे होते, असे इतिहास सांगतो. पण ते का निवडले गेले, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

३/
१८१८. मेरीलँड राज्याने आपल्या हद्दीतील, राज्याची सनद नसलेल्या बँकांवर कर बसवला: नोटा राज्याच्या मुद्रांकित कागदावर छापा, नाहीतर वर्षाला १५,००० डॉलर भरा. रोख उघड होता. बाल्टिमोरमध्ये केंद्राने सनद दिलेल्या ‘सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ची शाखा होती आणि स्थानिक बँकांना ती डोळ्यांत सलत होती. शाखेचा रोखपाल जेम्स मॅकलॉक याने कर भरण्यास नकार दिला. खटला थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला.

४/
१८१९ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला: केंद्राला बँक काढण्याचा अधिकार आहे, आणि राज्याला तिच्यावर असा कर बसवण्याचा अधिकार नाही. कारण कर बसवण्याच्या अधिकारातच ती वस्तू संपवण्याचा अधिकारही दडलेला असतो.
हा निकाल योग्यच होता. एका राज्याला स्वतःच्या बँकांच्या सोयीसाठी साऱ्या देशाची संस्था मोडता येऊ नये. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. मेरीलँडचा कायदा कोणा ग्राहकाच्या रक्षणासाठी नव्हता. तो प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यासाठी होता. पुढे दोन शतके हा भेद वारंवार पुसला गेला.

५/
पुढचा टप्पा यादवी युद्धाचा. १८६३ आणि १८६४ च्या कायद्यांनी लिंकन प्रशासनाने ‘राष्ट्रीय बँका’ निर्माण केल्या. नावावरून त्या सरकारी वाटतात, पण त्या खासगीच. फक्त त्यांची सनद केंद्राची. हेतू दोन होते: युद्धखर्चासाठी सरकारी रोख्यांना गिऱ्हाईक मिळवणे आणि शेकडो बँकांच्या हजारो प्रकारच्या नोटांऐवजी एकसारखे चलन आणणे. या बँकांवर देखरेख ठेवण्यासाठी ‘कंट्रोलर ऑफ द करन्सी’ हे पद निर्माण झाले. नाव चलनाचे, काम बँकांच्या तपासणीचे. या कथेतील ‘वॉशिंग्टनचे कार्यालय’ ते हेच.

६/
त्या कायद्यातील दोन तरतुदी आज वाचताना साध्या वाटतात. पहिली: राष्ट्रीय बँकेला ती ज्या राज्यात ‘स्थित’ असेल त्या राज्यातील कायदा परवानगी देईल तेवढे व्याज आकारता येईल. दुसरी: बँकेचे दप्तर तपासण्याचा अधिकार केंद्राने नेमलेल्या अधिकाऱ्यांखेरीज, कायद्यात किंवा न्यायालयांत निहित असेल तेवढाच इतरांना राहील.
दोन्ही तरतुदी वैरी राज्यांपासून नवजात बँकांना वाचवण्यासाठी लिहिलेल्या होत्या. शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच तरतुदी बलाढ्य बँकांची ढाल बनल्या.

७/
१८६५ मध्ये काँग्रेसने राज्य-सनदी बँकांच्या नोटांवर १० टक्के कर बसवला. या बँका संपतील अशी अपेक्षा होती. पण नोटा छापणे सोडून त्यांनी ठेवी आणि धनादेशांचा व्यवसाय वाढवला आणि त्या टिकल्या. त्यातून अमेरिकेची दुहेरी व्यवस्था जन्मली: बँकेने सनद केंद्राची घ्यावी की राज्याची, हे बँकेनेच ठरवायचे.
नियमन करणारा कोण, हे ज्याचे नियमन व्हायचे त्यानेच निवडायचे! या एका गोष्टीचे परिणाम पुढे दिसतीलच.

८/
तरीही दीर्घकाळ सामान्य कर्जदाराचे रक्षण हे राज्यांचेच क्षेत्र राहिले. व्याजाची कमाल मर्यादा, फसव्या कराराविरुद्ध दाद, घरजप्तीची पद्धत, हे सारे राज्यांच्या कायद्यांत होते. राष्ट्रीय बँकाही करार, मालमत्ता आणि वसुली यांबाबत राज्यांचेच सर्वसाधारण कायदे पाळत. बँका स्थानिक होत्या, कर्जदारही स्थानिक. त्यामुळे ‘स्थित’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची फारशी वेळच आली नाही. ती वेळ आणली क्रेडिट कार्डाने.

९/
नेब्रास्कातील ओमाहाची एक राष्ट्रीय बँक मिनेसोटा राज्यातील लोकांना टपालाने कार्डे देऊ लागली. नेब्रास्कात ठरावीक रकमेपर्यंतच्या थकबाकीवर १८ टक्के व्याज चाले. मिनेसोटात मर्यादा १२ टक्के होती. मिनेसोटातील मार्केट नॅशनल बँकेने खटला भरला.
डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले: बँक नेब्रास्कात ‘स्थित’ आहे, सबब नेब्रास्काचा दर ती कोठेही आकारू शकते. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी हेही मान्य केले की, यामुळे राज्यांच्या व्याजमर्यादा पोकळ होऊ शकतात. पण ते सुधारणे काँग्रेसचे काम आहे, असे त्यांनी म्हटले. काँग्रेसने ते केले नाही.

१०/
निकालाचा अर्थ सर्वांत आधी उमगला तो न्यूयॉर्कच्या सिटीबँकेला. न्यूयॉर्कच्या व्याजमर्यादेमुळे आणि भडकलेल्या महागाईमुळे तिचा कार्डव्यवसाय तोट्यात होता. साउथ डकोटाने १९८० मध्ये व्याजमर्यादा काढून टाकली होती. राज्यपाल बिल जँक्लो यांना रोजगार हवे होते. राज्याने बँकेला आमंत्रण दिले आणि १९८१ मध्ये सिटीबँकेचा कार्डव्यवसाय सू फॉल्स या गावी गेला. डेलावेअरने त्याच वर्षी तसाच कायदा करून इतर बँकांना बोलावले. १९९६ मध्ये न्यायालयाने उशिराच्या हप्त्यावरील दंडही ‘व्याजा’तच धरला, आणि तोही राज्यांच्या मर्यादेबाहेर गेला.

११/
येथे राज्यांच्या अधिकाराचा भाबडा पुरस्कार करणाऱ्यांनी थांबून विचार करावा. मिनेसोटाचा कायदा एकट्या केंद्राने मोडला नाही. केंद्रीय कायद्याने दार उघडले आणि त्या दारातून एका राज्याचे धोरण साऱ्या देशावर लादले गेले. साउथ डकोटातील मतदारांनी निवडलेल्या विधिमंडळाने बोस्टन आणि शिकागोतील कार्डधारकांचे व्याज ठरवले. त्या कार्डधारकांना तेथे मतदानाचा हक्क नव्हता.
म्हणजे प्रत्येक राज्य ग्राहकाचा कैवारी असतेच असे नाही. काही राज्ये आपली सनद विकायलाही बसलेली असतात.

१२/
१९८० आणि १९८२ मध्ये काँग्रेसने आणखी दोन पावले उचलली. पहिल्या कायद्याने घराच्या प्रथम गहाणावरील राज्यांच्या व्याजमर्यादा उठवल्या. दुसऱ्याने बदलत्या दराची आणि अपारंपरिक परतफेडीची गृहकर्जे राज्यांच्या निर्बंधांतून मोकळी केली. दोन्हींमागे त्या काळातील खरी अडचण होती: बाजारातील दर इतके चढले होते की जुन्या मर्यादेत कोणी गृहकर्ज देईना. अडचण सरली, मोकळीक मात्र राहिली.

१३/
नव्वदच्या दशकात त्या मोकळिकीतून एक धंदा वाढला. गिऱ्हाईक ठरलेले: घर जवळजवळ फिटलेले, हातात रोख नाही, बहुधा वृद्ध, अनेकदा कृष्णवर्णीय वस्तीतले. कर्ज उत्पन्न पाहून नव्हे, तर घराची किंमत पाहून दिले जाई. भरमसाट शुल्क मुद्दलातच मिसळायचे. एकरकमी विमा गळ्यात मारून त्याचा हप्ताही कर्जातच धरायचा. काही महिन्यांनी ‘नवे, स्वस्त कर्ज’ देऊन पुन्हा शुल्क घ्यायचे. कोणी लवकर फेडू म्हटले तर मुदतपूर्व परतफेडीचा दंड. शेवटी घर जप्त. सावकारी पाशाची ही रीत मराठी वाचकाला अनोळखी नाही. बदलला होता तो फक्त कागद.

१४/
काँग्रेसने १९९४ मध्ये यावर कायदा केला, पण तो अतिमहाग कर्जांपुरताच होता. थोडेसे खालचे दर लावले की कर्ज त्याच्या कक्षेबाहेर जाई. त्याच कायद्याने फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेला गृहकर्जांतील अन्यायकारक प्रथांवर व्यापक नियम करण्याचा अधिकार दिला होता.
त्या व्यापक अधिकाराचा सर्वसमावेशक नियम फेडरल रिझर्व्हने केला जुलै २००८ मध्ये. कायद्यानंतर चौदा वर्षांनी. तोवर घरे गेली होती.

१५/
केंद्र स्वस्थ होते तेव्हा राज्ये हलली. १९९९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने देशातील पहिला व्यापक कायदा केला. मार्टिन ईक्स यांची ‘सेल्फ-हेल्प’ ही पतसंस्था, ॲटर्नी जनरल माइक ईझली, नागरी हक्क संघटना आणि स्थानिक बँकांपैकीही अनेक त्यामागे उभ्या राहिल्या. एकरकमी विम्याचा हप्ता कर्जात मिसळण्यास बंदी. कर्जदाराचा खराखुरा फायदा नसताना कर्ज उलटवण्यास बंदी. दीड लाख डॉलरपर्यंतच्या गृहकर्जांवर मुदतपूर्व दंडास बंदी. बाजार बंद पडला नाही, आणि इतर राज्ये याच वाटेने निघाली.

१६/
न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी १९३२ मध्ये एका भिन्नमतात मांडलेला विचार येथे तंतोतंत लागू पडतो: एखाद्या धाडसी राज्याने नवा प्रयोग करावा आणि उरलेल्या देशाला त्याचा धोका पत्करावा लागू नये, हा संघराज्याचा मोठा लाभ आहे.
जॉर्जियाचा प्रयोग अधिक धाडसी होता. राज्यपाल रॉय बार्न्स यांच्या पुढाकाराने केलेला, ऑक्टोबर २००२ पासून लागू झालेला हा कायदा सांगत होता की, महागडे आणि लुबाडणारे कर्ज ज्याने विकत घेतले तोही कर्जदाराला जबाबदार.

१७/
या एका कलमाने वॉल स्ट्रीट का हादरली? कारण मूळ सावकार कर्ज स्वतःकडे ठेवत नसे. हजारो कर्जांची मोट बांधून त्यांचे रोखे विकले जात. फसवणूक झालेल्या कर्जदाराने दाद मागावी तर समोर सावकारच नाही. आणि रोखेधारक म्हणणार, ‘फसवणूक आमची नव्हे.’ जॉर्जियाने ही पळवाट बुजवली. मानांकन संस्थेने हात वर केले, कारण जबाबदारीला कमाल मर्यादा नव्हती आणि तोट्याचा अंदाज बांधता येईना. बार्न्स तोवर निवडणूक हरले होते. मार्च २००३ मध्ये कायदा बदलला.

१८/
उरलेले काम कंट्रोलर कार्यालयाने केले. ओहायोतील नॅशनल सिटी बँकेच्या विनंतीवरून २००३ मध्ये त्याने ठरवले की, जॉर्जियाचा कायदा राष्ट्रीय बँकांना आणि त्यांच्या उपकंपन्यांना लागू नाही. जानेवारी २००४ मध्ये कंट्रोलर जॉन हॉक यांनी हाच न्याय सर्व राज्यांना लावणारे नियम काढले. परवाने, कर्जाच्या अटी, माहिती देण्याचे बंधन: राष्ट्रीय बँकेच्या अधिकारांत अडथळा आणणारा, त्यांना बाधा पोहोचवणारा किंवा अट घालणारा राज्याचा कायदा तिला लागू नाही. बदल्यात कार्यालयाने स्वतःचा एक नियमही दिला: परतफेडीची ऐपत न पाहता केवळ घराच्या किमतीवर कर्ज देऊ नये.

१९/
कार्यालयाची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. पन्नास राज्यांत व्यवसाय करणाऱ्या बँकेने पन्नास नियमावल्या पाळायच्या, तर खर्च वाढतो आणि तो शेवटी ग्राहकावरच पडतो. एकच बाजारपेठ, एकच नियम, हा युक्तिवाद मार्शल यांच्या निकालाइतका जुना आणि काही अंशी खरा आहे.
पण याच कार्यालयाचा खर्च त्याच्या देखरेखीखालील बँकांच्या शुल्कावर चाले, आणि सनद बदलण्याची मुभा बँकांना होती. २००४ मध्ये जे. पी. मॉर्गन चेस आणि एचएसबीसी यांच्या बँका राज्याची सनद सोडून राष्ट्रीय सनदेकडे गेल्या. ज्याच्या शुल्कावर घर चालते त्याला खडसावणे अवघडच.

२०/
राज्यांनी हे मुकाट्याने सोसले नाही. न्यूयॉर्कचे राज्यपाल, पूर्वीचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी फेब्रुवारी २००८ मधील एका लेखात नमूद केले की, पन्नासही राज्यांच्या ॲटर्नी जनरलांनी या नियमांना विरोध केला होता. त्यांत दोन्ही पक्षांचे लोक होते.
राज्यांची क्षमताही सिद्ध झालेली होती. २००२ मध्ये हाउसहोल्ड या वित्तकंपनीने राज्यांशी ४८.४ कोटी डॉलरची तडजोड केली. २००६ मध्ये अमेरिक्वेस्टने ३२.५ कोटींची. आयोवासारख्या लहान राज्याचे ॲटर्नी जनरल टॉम मिलर या दोन्ही प्रकरणांत आघाडीवर होते. या दोन्ही कंपन्यांपाशी राष्ट्रीय सनदेची ढाल नव्हती, म्हणूनच हे शक्य झाले.

२१/
ढाल असलेल्यांचे काय, ते एप्रिल २००७ मध्ये कळले. वाकोव्हिया बँकेची गृहकर्ज कंपनी मिशिगनच्या नोंदणीखाली काम करी. ती राष्ट्रीय बँकेची उपकंपनी झाली आणि तिने नोंदणी परत केली. राज्याच्या आयुक्त लिंडा वॉटर्स यांनी हरकत घेतली. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी बँकेच्या बाजूने कौल दिला. कंपनी बँक नव्हे, ती राज्याच्याच कायद्याखाली स्थापन होते. तरी राज्याने तिच्याकडे पाहायचे नाही. भिन्नमत लिहिणारे न्यायमूर्ती स्टीव्हन्स उदारमतवादी. त्यांच्यासोबत होते रॉबर्ट्स आणि स्कॅलिया हे पुराणमतवादी. हा वाद पक्षीय रेषांवर कधीच नीट बसला नाही.

२२/
तोवर आणखी एक खटला सुरू होता. २००५ मध्ये, गृहकर्जांच्या सार्वजनिक आकडेवारीत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कर्जदारांना महाग कर्जे अधिक प्रमाणात मिळाल्याचे दिसल्याने, स्पिट्झर यांनी काही राष्ट्रीय बँकांना पत्रे पाठवून माहिती मागितली. माहितीऐवजी खटला आला. फिर्यादी दोन: बँकांची संघटना आणि खुद्द कंट्रोलर कार्यालय. आधार तोच, १८६४ चा दप्तर-तपासणीचा नियम. नियमन करणारा आणि ज्यांचे नियमन करायचे ते, दोघे एका बाजूला. तपास करू पाहणारे राज्य दुसऱ्या बाजूला. कनिष्ठ न्यायालयांनी तपास रोखला.

२३/
मग २००८ उजाडले. नॅशनल सिटी, जिच्या विनंतीवरून जॉर्जियाचा कायदा बाजूला सारला गेला, ती गृहकर्जांच्या तोट्यात बुडू लागली आणि पीएनसी बँकेने तिला विकत घेतले. वाकोव्हिया, जिने मिशिगनला हरवले, ती वेल्स फार्गोच्या पदरी गेली. लेहमन ब्रदर्सचे दिवाळे निघाले ते १५ सप्टेंबरला. बँकांना खरेदीदार मिळाले. ज्या कुटुंबांची घरे जप्त झाली त्यांना कोणी मिळाला नाही.

२४/
मग संकट प्रीएम्प्शनमुळे आले का? इतके सरळ म्हणणे अप्रामाणिक ठरेल. सर्वाधिक धोकादायक कर्जांचा मोठा वाटा बिगर-बँक कंपन्यांचा होता, आणि त्या राज्यांच्याच परवान्यावर चालत. कॅलिफोर्नियातील अमेरिक्वेस्ट आणि न्यू सेंच्युरी ही ठळक उदाहरणे. अनेक राज्यांत तपासनीस अपुरे आणि कायदे दुबळे होते. कंट्रोलर कार्यालयाने हाच बचाव केला, आणि त्यात तथ्य आहे.
पण नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी पुढे दाखवले की, कडक कायदे असलेल्या राज्यांत २००४ नंतर सूट मिळालेल्या सावकारांच्या कर्जांची जोखीम तुलनेने वाढली. २०११ च्या चौकशी आयोगानेही केंद्रीय नियामकांनी राज्यांचे हात बांधल्याचा ठपका ठेवला.

२५/
म्हणून दोष नेमका सांगावा. राज्यांचे कायदे अपुरे होते, तरी धोका सर्वांत आधी त्यांनी ओळखला. कारण जप्तीची नोटीस गावातल्या न्यायालयात येते, आणि तक्रार घेऊन माणूस वॉशिंग्टनला जात नाही. केंद्राने त्या कायद्यांच्या जागी तितकेच भक्कम काही दिले असते, तर अधिकार काढून घेण्याला अर्थ होता. केंद्राने राखणदार हटवला आणि पहाऱ्याची जागा रिकामी ठेवली. मार्शल यांनी वैरी राज्याविरुद्ध दिलेले शस्त्र, पहारा देणाऱ्या राज्याविरुद्ध चालवले गेले.

२६/
दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली. २९ जून २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या खटल्यात (आता ॲटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो) पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले: राज्याला बँकेचे दप्तर स्वतःच्या अधिकारात मागवता येणार नाही, पण आपला कायदा मोडल्याबद्दल न्यायालयात मात्र खेचता येईल. निकाल लिहिला स्कॅलिया यांनी, सोबत चारही उदारमतवादी.
२१ जुलै २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने पुढे जाऊन उपकंपन्यांची ढाल काढली, कंट्रोलरने सरसकट नव्हे तर एकेक कायदा तपासूनच तो बाजूला सारावा असे बंधन घातले, आणि नव्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेचे नियम ही किमान पातळी मानली. राज्याने अधिक द्यायचे तर त्याला मोकळीक.

२७/
वाद मिटलेला नाही. न्यूयॉर्कचा एक कायदा सांगतो की, गृहकर्जदाराकडून कर आणि विम्यासाठी आगाऊ घेतलेल्या रकमेवर बँकेने किमान २ टक्के व्याज द्यावे. तो राष्ट्रीय बँकेला लागू होतो का? मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, पूर्वीच्या निकालांशी बारकाईने तुलना करून ठरवा, आणि प्रकरण परत पाठवले.
फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने त्या केंद्रीय ग्राहक संस्थेचे काम जवळजवळ थांबवले. ज्यांनी ‘सगळे केंद्राकडे असावे’ म्हटले होते, त्यांच्यासाठी हा धडा आहे: एकाच हाती दिलेली किल्ली एका आदेशाने खिशात जाते. कॅलिफोर्नियाने २०२० मध्येच स्वतःची तशी यंत्रणा उभी केली होती, ती मात्र जागेवर राहिली.

२८/
हा प्रश्न भारताला परका नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचा उठाव पेटला तो सावकारांच्या कर्जखतांवरून, आणि १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा त्यातून आला. आज राज्यघटनेत ‘सावकारी’ हा विषय राज्यसूचीत आहे, तर ‘बँकिंग’ संघसूचीत. महाराष्ट्राचा सावकारी नियमनाचा कायदा २०१४ चा.
मग रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली बिगर-बँक वित्तकंपनी सावकार की नाही? मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ आणि गुजरातच्या खटल्यांत निकाल दिला: अशा कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत. कायद्याच्या भाषेत तर्क सुसंगत आहे. पण त्याने मोबाइलवरून कर्ज घेणाऱ्या माणसाच्या रक्षणाचा सारा भार एका केंद्रीय संस्थेवर येतो, आणि ती जागी राहील यावर सगळे अवलंबून राहते.

२९/
थोडक्यात तीन निकष. राज्याचा कायदा प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यासाठी असेल, तर तो केंद्राने मोडावा; मेरीलँड तसेच होते. राज्य आपली सैल सनद दुसऱ्या राज्यांच्या नागरिकांवर लादत असेल, तर केंद्राने किमान पातळी बांधून द्यावी. साउथ डकोटा तसेच होते. पण राज्य आपल्याच नागरिकाला अधिक संरक्षण देत असेल, तर ‘एकसारखेपणा’च्या नावाखाली ते काढून घेण्याआधी केंद्राने त्याच तोलाचे काही देऊन दाखवावे. जॉर्जियाच्या वेळी ते दिले गेले नाही.
अधिकार कोणाचा, हा प्रश्न इतिहासाची पुस्तके नेहमी विचारतात. त्याच्या जोडीला एक साधा प्रश्न ठेवावा: अधिकार ज्याने घेतला, त्याने तो वापरला का? (समाप्त)